व्यवहाराचे सर

"थांबा. गाणं नंतर. आधी नाव सांगा."

असं म्हणून ते उजवा तळहात समोर धरायचे, चौकातला पोलीस गाडी अडवायला धरतो तसा. समोरच्या मुलीनं डोळे मिटून नुकता कुठे सूर लावलेला असायचा. ती दचकायची, नाव पुटपुटायची.

"मागच्या खुर्चीवर पावणं बसल्यात, त्यांस्नी ऐकू आलं न्हाय."

मागच्या खुर्चीवर कुणीच नसायचं. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सांगावं लागायचं. शेवटी पोरगी चिडून आडनावासकट ओरडायची, तेव्हा तो तळहात खाली यायचा. "हां, आता गा. लोकं गाणं घरी घेऊन जात्यात आणि गाणाऱ्याचं नाव इथंच सांडून जात्यात. सांडू द्यायचं न्हाय."

कोल्हापूरच्या आमच्या विद्यापीठात, संगीत विभागात, मी गायन शिकवत होते आणि ते 'संगीत व्यवसाय आणि उद्योजकता' नावाचा विषय शिकवत होते. एवढं लांबलचक नाव वेळापत्रकाच्या चौकटीत मावायचं नाही. मुलांनी त्याचं 'व्यवहार' केलं आणि त्यांचे 'व्यवहाराचे सर' झाले. शिपायापासून कुलसचिवांच्या कार्यालयापर्यंत सगळे त्यांना तसंच म्हणत.

त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता, मध्ये एक पातळ भिंत. तुम्ही कधी विलंबित ख्याल शिकवला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, त्यात शांतता फार जपावी लागते. माझी मुलं श्वास रोखून समेची वाट बघत असायची आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, "व्हय का न्हाय?" पलीकडून तीस पोरं ओरडायची, "व्हय!" आणि ते बरोबर समेवर पडायचं. माझी मुलं हसायची. मी जाऊन तक्रार केली, की ते कानाला हात लावून माफी मागायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आमच्या विभागप्रमुखांना तो विषयच मान्य नव्हता. एकदा बैठकीत ते सगळ्यांदेखत म्हणाले, "सरस्वतीच्या देवळात आता दुकान मांडायचं राहिलं होतं."

सर जराही रागावले नाहीत. "सर, देवळाच्या दारात फुलवाली बसतीच की. ती न्हाई बसली तर सरस्वतीला हार कुठला?"

बैठकीत कुणी हसलं नाही. चहा घेऊन आलेला शिपाई मात्र हसला.

दरवर्षी ते मुलांना मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघायला न्यायचे. एका वर्षी मीही गेले. ढिगांमधून वाट काढत व्यापारी पुढे सरकत होते, कुणी गुळाचा तुकडा जिभेवर ठेवत होता, बोली चढत होती, आणि गूळ आणणारा शेतकरी हाताची घडी घालून बाजूला उभा होता. सरांनी आमच्या सतारीच्या पोराला त्याच्या शेजारी उभं केलं. "ह्यांच्याकडं बघ. चेहऱ्यावर काय दिसतंय?"

"काहीच नाही, सर."

"तेच. ह्यांनी रात्रंदिवस गुऱ्हाळाच्या चुलवाणासमोर घाम गाळलाय. पण इथं उभं राहताना लाजत न्हाईत. तू सतार घेऊन गेलास की तोंड असं करतोस जसं काय उसनवारी मागाय आलायस."

तो शेतकरी हे सगळं ऐकत होता. त्यानं सतारीच्या पोराला गुळाचा एक खडा दिला आणि म्हणाला, "खा. आणि ताठ ऱ्हा."

वर्गातला त्यांचा सगळ्यात अवघड धडा गप्प बसण्याचा होता. ते स्वतः कार्यक्रम ठरवायला आलेले पाहुणे व्हायचे, पोटावर हात फिरवत म्हणायचे, "अवो, तुमास्नी स्टेज मिळतंय, फोटो येणार, आणि काय पायजे?" मुलानं आपली अट सांगायची आणि गप्प बसायचं. बस्स. ते 'पाहुणे' मग छताकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे, खोकायचे. मुलांना ती शांतता सोसायची नाही. "नाही तर तुम्ही म्हणाल तसं," असं कुणीतरी बोलून जायचं आणि सर टेबलावर थाप मारायचे. "नापास! बोलून झालं की गप बसायचं. गप बसायला आलं की निम्मा व्यवहार आला."

एवढा आटापिटा कशासाठी, हे मला फार उशिरा समजलं. आम्ही दोघं परीक्षेच्या पर्यवेक्षणाला एका वर्गावर होतो, तेव्हा त्यांनीच सांगितलं. त्यांच्या वडिलांचा बँड होता. लाल कोट, पितळी बटणं. लग्नसराईत हेही क्लॅरोनेट घेऊन त्यात असायचे. वरात दारापर्यंत आणायची आणि मग दारातच उभं राहून वाजवत राहायचं. आतली पंगत उठली, की मागच्या अंगणात बँडवाल्यांची पानं.

"माझ्या बाबांचं वाजवणं ऐकलं असतंसा तर तुमी तुमचा तानपुरा खाली ठेवला असतासा, मॅडम," ते म्हणाले. "पण त्यांचं नाव कुणाला ठाऊक न्हाय. बँडवाला आला, बँडवाला गेला. बाबा गेलं तवा मी क्लॅरोनेट कापडात गुंडाळून कपाटावर टाकलं. म्हटलं, आता कुणाच्या दारात उभं राहून वाजवणार न्हाय. आणि आपल्या हाताखालच्या एका पोरालाबी उभं राहू देणार न्हाय."

पुढे ते वाणिज्य शिकले, व्यवस्थापन शिकले, काही वर्षं ऑर्केस्ट्रांचे दौरे आखले, आणि तासिका तत्त्वावर आमच्याकडे आले. तासिका तत्त्वावरच राहिले.

आता महानंदाची गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय सरांचं चित्र पुरं होत नाही.

महानंदा कुरुंदवाडची. घरी किराणा दुकान, थोडा ऊस. वडिलांना अप्पा म्हणायची, आईला अव्वा. घरात अर्धं बोलणं कानडीत. माझ्याकडे गायन शिकत होती, आणि असा आवाज शिक्षकाच्या वाट्याला एखाददुसराच येतो. भरीव, किंचित जाडसर, खालच्या सुरांत ऊब असलेला. मी तिला रागदारीच्या स्पर्धांना पाठवायची स्वप्नं बघत होते. सरांनी तिला वेगळंच विचारलं, "तुझ्या गावात लग्नाच्या आदल्या दिवशी काय वाजतंय?"

"डीजे, सर."

"आणि तुझी आजी काय गायची?"

महानंदा आजीची हळदीची गाणी गायला लागली. मराठी, मधेच कानडी. सरांनी यावेळी तळहात पुढे केला नाही. तिचं संपेपर्यंत ते ऐकत राहिले.

त्यातून चार मुलींचा गट उभा राहिला. हळदीच्या समारंभात समोर बसून गाणी म्हणायची, ढोलकी आणि टाळ, बाकी काही नाही. नाव मुलींनीच ठेवलं, 'ओली हळद'. सीमेवरच्या गावांत निम्मे पाहुणे कर्नाटकातले असतात, त्यांना त्यांच्या भाषेतलं गाणं ऐकू आलं की ते उठून नाचायचे. सरांचं एकच पथ्य होतं, पोरी दारात गाणार नाहीत. मांडवात, मधोमध, बैठकीवर बसून गातील, आणि सुरू करण्याआधी चौघींची नावं सांगितली जातील.

अडचण अप्पांची होती. महानंदाला स्थळं येत होती. सर मला घेऊन कुरुंदवाडला गेले. अप्पा शांत गृहस्थ, कपाळावर विभूती, बोलणं मोजकं.

"सर, पोरगी गाती ह्याचं कौतुकच हाय की. पण दुसऱ्याच्या हळदीत जाऊन गायचं म्हंजे... लोकं बोलत्यात."

"लोकं बोलंनात का. अप्पा, मला दोन वर्षं द्या."

"आणि मग?"

"मग तुमीच म्हणशीला, लग्नाची घाई न्हाय."

अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. गप्प बसण्याचा धडा त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मग म्हणाले, "तुमच्या शब्दावर."

दाराआडून महानंदा ऐकत होती. आम्ही निघालो तेव्हा ती नुसती हसत होती.

पहिलं वर्ष फार छान गेलं. शिरोळ, जयसिंगपूर, पार निपाणीपर्यंत मुली जाऊन आल्या. एका हळदीत नवरदेवाच्या आजीनं महानंदाला शेजारी बसवून घेतलं आणि विसरलेलं एक गाणं तिच्याकडून पुरं करून घेतलं. सर हे वर्गात सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज भिंतीपलीकडून मला हळू ऐकू यायचा.

आणि मग टाळेबंदी आली.

तुम्हाला आठवतं, तेव्हा सगळ्यात आधी काय थांबलं? गाणं. मांडव बंद, हॉल बंद, जत्रा बंद. गटातली एक मुलगी घरी मास्क शिवायला लागली, दुसरी भावाकडे पुण्याला गेली. सर स्क्रीनवरून शिकवत होते. "हे बी जाईल, व्हय का न्हाय?" असं विचारायचे आणि मुलांचे माइक बंद असायचे.

निर्बंध थोडे सैल झाल्यावर अप्पा स्वतः कोल्हापूरला आले, सरांच्या घरी. तोंडाला रुमाल, उंबऱ्याबाहेरच उभे. हे सरांनी मला नंतर सांगितलं.

"सर, दोन वर्षं झाली, मी शब्द पाळला," अप्पा म्हणाले. "गारगोटीचं स्थळ आलंय. पशुखाद्याचं दुकान हाय, माणसं चांगली हाईत. मोजक्या माणसांत लग्न उरकतंय. तुमी म्हणत असला तर थांबतो. फकस्त कशासाठी थांबू, तेवढं सांगा."

सर मला म्हणाले, "भांडले असते तर बरं झालं असतं, मॅडम. मी जगाला उत्तरं शिकवतो. त्यांस्नी द्यायला माझ्याकडं एक उत्तर नव्हतं."

महानंदाला काय वाटत होतं? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, अप्पा चुकीचं कुठं बोलतायत?" आणि मग म्हणाली, "सरांना सांगू नका मी रडले म्हणून."

लग्न कुरुंदवाडला, घरासमोरच्या अंगणात. परवानगी मोजक्या माणसांची, त्यात आम्हा दोघांची नावं अप्पांनी घातली होती. हळदीला कुणी गाणारं नव्हतं. नवरीनं स्वतःच्या हळदीत कसं गायचं, आणि बाकीच्या तिघींना यायला मिळालं नाही. अव्वानं मोबाईलवर काहीतरी लावलं होतं, ते रेंज जाऊन मधेच थांबायचं.

सर माझ्या गाडीत मागे एक लांबट पिशवी ठेवून आले होते. आहेर असेल असं मला वाटलं. लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची गाडी गल्लीत शिरली तेव्हा त्यांनी पिशवी उघडली, कापड सोडलं. क्लॅरोनेट होतं. ते मांडवाच्या दारात जाऊन उभे राहिले. आत नाही, बाजूला नाही. दारात.

पहिला सूर फाटला. तोंडाशी बसवलेली वेताची रीड जुनी, इतक्या वर्षांत ओठांची सवय गेलेली. वऱ्हाडातलं कुणीतरी हसलं. सरांनी क्लॅरोनेट खाली घेतलं, रीड ओली केली, पुन्हा लावलं. आणि मग वाजलं. मी आयुष्यभर गाणं ऐकत आले आहे, शिकवत आले आहे, पण त्या सुरात काय होतं ते मला सांगता येत नाही. नवरदेव आत आला, त्याची माणसं आत गेली, अक्षता झाल्या, तरी ते दारात उभे राहून वाजवतच होते. घाम गळ्यावरून सदऱ्यात उतरत होता. बाशिंग बांधलेली महानंदा मान खाली घालून बसली होती. एकदाच तिनं वर बघितलं, दाराकडे, आणि पुन्हा मान खाली घातली.

पंगत बसली तेव्हा अप्पा स्वतः बोलवायला आले. "सर, चला. पान वाढलंय."

"तुमी घ्या आटपून," सर म्हणाले. "वाजवणाऱ्यानं मागनं जेवायचं असतंय." आणि हसले. अप्पांना ते हसणं बघवलं नाही. ते तिथंच उभे राहिले, पंगत उठेपर्यंत. मग दोघं यजमान-पाहुणे एकाच वेळी मागच्या पंगतीला बसले.

परतीच्या वाटेवर गाडीत सरांनी क्लॅरोनेट पुन्हा कापडात गुंडाळलं.

विद्यापीठ पुन्हा सुरू झालं तेव्हा भिंतीपलीकडचा आवाज पूर्वीसारखाच होता, पण सरांनी अभ्यासक्रमात नसलेला एक तास सुरू केला. वर्षातून एक दिवस मुलामुलींच्या आईवडिलांना वर्गात बोलवायचं. टोपी घातलेले बाप, डोक्यावर पदर घेतलेल्या आया बाकांवर अवघडून बसायच्या. सर खडू खाली ठेवायचे. "आज मी शिकवणार न्हाय. तुमची पोरगी गाणं करणार म्हंजे काय करणार, ते तुमी इचारायचं. मला येत असंल ते सांगीन. येत नसंल ते येत न्हाय म्हणीन." पहिल्या वर्षी एका बापानं विचारलं, "पुन्यांदा टाळेबंदी आली तर?" सर म्हणाले, "येत न्हाय." त्या दिवशी माझ्या वर्गात मी काहीच शिकवलं नाही. भिंतीला टेकून ऐकत बसले.

आजार उशिरा कळला. यकृताचा. दारूला कधी न शिवलेल्या माणसाला यकृताचा आजार व्हावा याचं त्यांना हसू यायचं. काही दिवस ते तसेच येत राहिले, मग येईनासे झाले. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत, पुढच्या खोलीत खिडकीशी कॉट टाकली होती. मी दुपारी जाऊन बसत असे. आवाज बसला होता. जो माणूस माझ्या समेवर येऊन आदळायचा, त्याचं बोलणं ऐकायला मला वाकावं लागत होतं. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सतत आसपास असायच्या. त्या सरांना आयुष्यभर 'अवो' म्हणत आल्या होत्या आणि प्रत्येक गोष्ट त्यांना विचारूनच करायच्या. भाजी कुठली आणू, दार लावून घेऊ का, पाहुण्यांना चहा की सरबत.

एका दुपारी महानंदा आली. नवरा, सासू आणि कडेवर लहानगी. सरांनी उठायचा प्रयत्न केला, वहिनींनी पाठीशी उशी दिली.

"गातीस?" त्यांनी विचारलं.

महानंदानं सासूकडे बघितलं. सासू मोकळ्या स्वभावाची बाई होती. "आमच्यात बंदी न्हाय हो गाण्याला. पर सवड कुठली? दुकान, म्हशी, ही बारकी." मग सुनेकडे वळून म्हणाली, "म्हण की आता. एवढं लांबनं आलोय. मीबी कवा ऐकलं न्हाय."

महानंदानं पोरीला नवऱ्याकडे दिलं, पाठ ताठ केली, पदर सारखा केला. आजीचंच एक हळदीचं गाणं. पहिली ओळ आली. सूर जागेवर होता, पण ओळ संपायच्या आत श्वास संपला. दुसरी ओळ तिनं घेतली आणि ती मधेच तुटली. तिनं गळ्यावर हात ठेवला. मी मान हलवली, पुन्हा घे म्हणून. तिनं पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच थांबली.

"येत न्हाय सर आता."

सासू खाली बघत होती. नवरा पोरीच्या पाठीवर थोपटत होता.

"मी तुझी दोन वर्षं मागितली, पोरी," सर म्हणाले. "धा मागाय पायजे होती."

"अप्पांनी दिली नसती, सर." ती रडत नव्हती. "दोन दिली, त्यातलंबी एक बुडालं. पर जे मिळालं तेवढं माझं हाय. ते काय कुणी परत घेत न्हाय."

सरांनी हात पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग वहिनींनी विचारलं, "अवो, च्या ठेवू?" आणि त्यांनी मान हलवून हो म्हटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. सकाळी, खिडकीतून ऊन आत आलं होतं तेव्हा. पंचगंगेच्या घाटावर त्यांची पुष्कळ मुलं आली होती. कुणी वाद्यं आणली नव्हती. काय करावं, कुणालाच कळत नव्हतं. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि 'व्यवहार' त्यातून गेला. तासिकेवरचा माणूस गेला की त्याचा विषयही फार दिवस टिकत नाही.

मी अजून अधूनमधून वहिनींकडे जाते. सरांचा फोन त्यांनी बंद केलेला नाही. जुनी मुलं लांबून लांबून फोन करतात, काहींना ठाऊक नसतं, काहींना असतं तरी करतात. वहिनी सगळ्यांना जेवलास का विचारतात.

गेल्या आठवड्यात मी बसले होते तेव्हा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्या स्पीकरवर लावतात. कुठल्यातरी हॉलबाहेरून एक मुलगा घाईघाईनं बोलत होता. "काकू, इथं आयोजक आमच्या पोरांना मागच्या दारानं या म्हणतायत. जाऊ का परत फिरू? सर असले तर जरा विचारा की."

"थांब हं," वहिनी म्हणाल्या, "इचारते." आणि फोन हातात धरून खिडकीकडे वळल्या.

कॉट केव्हाच काढली होती. तिथं फरशीवर कॉटच्या पायांचे चार पांढरट डाग होते. वहिनी त्या डागांकडे बघत उभ्या राहिल्या. पलीकडून मुलगा "हॅलो, हॅलो" करत होता.

"न्हाईत रं बाळा घरात," शेवटी त्या म्हणाल्या. "तू काय करणार हाईस, ते सांग."